कॉलेजच्या बँडचा म्युझिक व्हिडिओ एडिट करताना आधी गाणं ऐकायचं

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. तुझ्या कॉलेजच्या बँडचं साडेचार मिनिटांचं मराठी रॉक गाणं आहे, १०० बीपीएमच्या (मिनिटाला १०० ठोके) क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठोक्यावर, रेकॉर्ड केलेलं. दोन रात्री प्लेबॅकवर, म्हणजे स्पीकरवर गाणं लावून, शूट झालं, मिररलेस कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर आणि दोन फोन ३० वर. गायक एकटाच शहरातून फिरतोय असं कथाभागाचं फुटेज आहे, गॅदरिंगमधल्या लाइव्ह कार्यक्रमाचंही थोडं आहे. सबमिशनला दहा दिवस उरलेत. फोनचं फुटेज सुरुवातीला जुळतं आणि शेवटाकडे ओठ सुटतात. प्रत्येक बीटवर कट करूनही व्हिडिओ कंटाळवाणा वाटतो. बँडमधला प्रत्येक जण ‘माझे शॉट वाढव’ म्हणतो आणि सर विचारतात, ‘यात संकल्पना कुठे आहे?’

माझ्या मते या सगळ्या अडचणींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. एडिट सुरू झाला की आपण चित्रं बघायला लागतो आणि गाणं ऐकणं थांबतं. म्युझिक व्हिडिओ नीट कापला गेला असेल तर बघणाऱ्याला तेच गाणं आधीपेक्षा जास्त ऐकू येतं. बेसची चाल कुठे बदलली, दुसऱ्या अंतऱ्यात मागे कीबोर्ड कधी आला, गायकाने श्वास कुठे घेतला, हे त्याला न सांगता कळतं. तुझ्या प्रत्येक कटाला हा एकच निकष लाव.

पण आधी सिंक, म्हणजे चित्र आणि आवाज जुळणं. ते पक्कं झाल्याशिवाय बाकी कशालाही हात लावू नकोस.

फोनचं फुटेज शेवटाकडे सुटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे फोन ठरलेल्या वेगाने रेकॉर्डच करत नाहीत. प्रकाश कमी झाला, फोन तापला की फ्रेममधलं अंतर बदलतं. फाइलवर ३० लिहिलेलं असतं, आत मात्र ते मागेपुढे होत असतं. एडिटिंग सॉफ्टवेअर त्यात गोंधळतं. उपाय सोपा आहे. हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर या फुकट सॉफ्टवेअरमधून फोनच्या सगळ्या क्लिप आधी स्थिर फ्रेम रेटवर काढून घे आणि त्याच क्लिप प्रोजेक्टमध्ये आण. मूळ क्लिप वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेव.

त्याच वेळी टाइमलाइनचा, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये क्लिप रचायच्या पट्टीचा, फ्रेम रेट तपास. मुख्य कॅमेरा २५ चा आहे तर टाइमलाइनही २५ चीच हवी. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्टचा फ्रेम रेट क्लिप आत आल्यावर बदलता येत नाही, म्हणून ही गोष्ट अगदी पहिली करायची. कुठलीतरी क्लिप ३० ऐवजी २९.९७ ची समजली गेली तरी हजारात एकाचा फरक पडतो. ऐकायला किरकोळ वाटतो, पण साडेचार मिनिटांच्या गाण्यात शेवटी तो पाव सेकंदाहून जास्त होतो, म्हणजे सहा-सात फ्रेम. ओठ सुटलेले कोणालाही दिसतात.

मग गाण्याची फाइल. शूटला स्पीकरवर वाजवलेली बहुधा एमपी३ असेल आणि आता बँडने फायनल मिक्सची वेव्ह फाइल दिली असेल. दोन्ही एकाखाली एक ठेवून एकदम वाजव. आवाज दुहेरी किंवा पोकळ आला तर त्या पुढेमागे आहेत. एमपी३ बनवताना सुरुवातीला काही मिलिसेकंदांची रिकामी जागा जोडली जाते, त्यामुळे साधारण एका फ्रेमचा फरक सहज पडू शकतो. त्याहून मोठा फरक निघाला तर बँडला विचार, मधल्या काळात गाण्याची रचना बदलली का? कोरस एकदा कमी केला, सुरुवातीचा म्युझिक पीस चार बारने (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा) वाढवला, असले बदल एडिटरला सांगायचे असतात हे कोणाच्या लक्षातच येत नाही. फायनल मिक्स हातात आल्याशिवाय फायनल कट करायचा नाही, हे बँडला आजच लेखी कळव. आणि वेव्ह फाइल ४८ किलोहर्ट्झची मागून घे. सीडीचा ४४.१ चा दरही चालतो, पण सगळं ४८ वर असलं की एक शंका कमी होते.

सिंक बरोबर आहे हे तपासायचं कसं? टाळी किंवा स्लेट (शॉटआधी आपटायची पाटी) असेल तर उत्तमच. नसेल तर शाळेत शिकलेला पवर्ग आठव. प, ब, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय उच्चारताच येत नाहीत. गाण्यात ‘मन’, ‘परत’, ‘बघ’ असे शब्द जिथे येतात तिथे थांब आणि एकेक फ्रेम पुढे जा. ‘म’ ऐकू येत असताना ओठ मिटलेले हवेत. ‘प’ किंवा ‘ब’ फुटतो त्याच फ्रेमला ओठ उघडायला लागले पाहिजेत. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. एका फ्रेमची चूक डोळ्याला बहुतेक वेळा चालून जाते, तीन फ्रेमची चालत नाही. ड्रमरसाठी स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) बघ: काठी चामड्याला टेकली त्या फ्रेमलाच वेव्हफॉर्मचं, म्हणजे आवाजाच्या आलेखाचं, टोक हवं.

गॅदरिंगच्या फुटेजबद्दल वेगळं सांगायला हवं. ते स्टुडिओच्या गाण्याशी पूर्ण लांबीत कधीच जुळणार नाही, कारण स्टेजवर क्लिक नव्हता आणि उत्साहात वेग थोडा वाढतोच. ताणून बसवायचा प्रयत्न करू नकोस. तुझ्या व्हिडिओत प्रत्येक शॉट दोन ते पाच सेकंदांचा असणार, सिंक तेवढ्यापुरतं जुळलं तरी पुरे. ओळ पकड, त्या ओळीचा पहिला ठोस उच्चार जुळव, शॉट संपला की विषय संपला. दुसरं म्हणजे, लाइव्ह फुटेज मिक्सरवरच्या रेकॉर्डिंगशी वेव्हफॉर्मने जुळवत असशील तर कॅमेरा किती लांब होता ते आठव. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एका फ्रेमला चौदा मीटरही नाही. सभागृहाच्या मागच्या टोकाला, सत्तावीस-अठ्ठावीस मीटरवर लावलेल्या कॅमेऱ्याला आवाज दोन फ्रेम उशिरा पोचलेला असतो. सॉफ्टवेअर आवाज अचूक जुळवतं आणि ओठ दोन फ्रेम आधी हलतात. अशा क्लिप हाताने दोन फ्रेम पुढे, म्हणजे उशिरा सुरू होतील अशा, सरकवाव्या लागतात.

हे सगळं झालं की प्रत्येक टेक स्वतंत्र ट्रॅकवर, पूर्ण गाण्याच्या लांबीत, एकाच मास्टर गाण्याखाली रचून ठेव. दहापैकी पहिले दोन दिवस यातच जाऊ देत.

आता ‘प्रत्येक बीटवर कट करूनही कंटाळवाणा’ या तक्रारीकडे येतो, कारण खरं एडिटिंग इथे आहे.

हिशोब करून बघ. १०० बीपीएम म्हणजे एक बीट ०.६ सेकंदाचा, २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर नेमक्या १५ फ्रेम. चार मात्रांचा बार ६० फ्रेमचा, २.४ सेकंद. साडेचार मिनिटांत ४५० बीट येतात. प्रत्येक बीटला कट केलास तर ४५० कट होतील, आणि तिसाव्या कटाच्या सुमारास बघणाऱ्याला पुढचा कट कधी येणार हे पक्कं कळलेलं असेल. कळलं की तो बघणं सोडतो. मैफिलीत जाणकार श्रोता प्रत्येक मात्रेला मान हलवत नाही, समेला हलवतो. तुझे ठळक कटही असेच राखून ठेवायला हवेत.

अंतऱ्यात शॉट दोन बारपर्यंत टिकू दे. कोरसमध्ये एका बारवर, कधी अर्ध्यावर ये. मग ब्रिजला (गाण्यातल्या वेगळ्या चालीच्या मधल्या भागाला) सलग आठ बारचा, म्हणजे एकोणीस सेकंदांहून थोडा जास्त, एकच शॉट धरून बघ. वेग हा शेजारच्या भागाच्या तुलनेत जाणवतो. सगळंच वेगात असेल तर वेग कुठेच नसतो. आणि कट ओळीच्या हिशोबाने कर, बारच्या नव्हे. आपल्या गाण्यांत ओळ पुष्कळदा समेच्या आधीच उचललेली असते. बारच्या पहिल्या मात्रेवर यांत्रिकपणे कापलंस तर ओळीचे पहिले दोन शब्द मागच्या शॉटमध्ये अडकतात आणि गायकाचं वाक्य मधोमध तुटतं. उचल जिथे आहे तिथे, गायक श्वास घेतो त्या क्षणी नव्या शॉटवर जा. तोंड उघडण्याआधीचा श्वास दिसला की पुढची ओळ ऐकण्यासाठी बघणारा आपोआप तयार होतो.

दुसरी बाब, कट नेमका बीटवर ठेवू नकोस. नवं चित्र समोर आल्यावर डोळ्याला काय कुठे आहे ते शोधायला क्षणभर लागतो. ड्रमरच्या शॉटवर तू बरोबर ठोक्याच्या फ्रेमला गेलीस तर डोळा चित्र शोधेपर्यंत ठोका होऊन गेलेला असतो, काठी वर जाताना दिसते आणि आवाज रिकामा वाटतो. दोन-तीन फ्रेम आधी कापून बघ. काठी खाली येताना दिसते, नव्या शॉटच्या आत आदळते, आणि तोच ठोका जास्त जोरात वाजल्यासारखा भासतो. आवाजाची पातळी तू कुठेच बदललेली नसतेस. मोठा सिंबल, गिटारचा पहिला स्ट्रोक, टाळी, मानेचा झटका, सगळ्यांना हेच लागू आहे. हालचाल सुरू झाली की काप, आघात पुढच्या शॉटला मिळू दे.

एक जागा जवळून दाखवतो. तुझ्या गाण्यात दुसऱ्या कोरसच्या आधी ड्रमचा फिल (नवा भाग सुरू होण्याआधीची ठोक्यांची छोटी झड) आहे असं तू लिहिलंस. अंतऱ्याची शेवटची ओळ सातव्या बारमध्ये संपते, आठव्या बारच्या तिसऱ्या-चौथ्या मात्रेला फिल, मग कोरस. बहुतेक विद्यार्थी इथे काय करतात ते मी वर्षानुवर्षं बघतोय: फिलचे चार ठोके, चार शॉट, टॉम, टॉम, स्नेअर, ड्रमरचा चेहरा. दिसायला चटपटीत. पण मग कोरस सुरू होतो तेव्हा दाखवायला काहीच शिल्लक राहत नाही, आणि गाणं जिथे सगळ्यात मोठं होतं तिथेच चित्र थकतं. त्याऐवजी असं कर. शेवटची ओळ संपली तरी गायकावरून हलू नकोस. त्याचे ओठ मिटलेत, नजर खाली आहे, सातव्या बारचा उरलेला भाग रिकामा जातोय, जाऊ दे. फिल त्याच्या चेहऱ्यावर ऐकू येऊ दे. तो मान वर करतो, श्वास घेतो. कोरसच्या पहिल्या मात्रेच्या दोन फ्रेम आधी सगळ्या बँडच्या वाइड शॉटवर जा आणि तो पूर्ण दोन बार धर. फिल फक्त ऐकू आल्यामुळे बघणाऱ्याने ड्रमरला मनात शोधलेलं असतं, वाइडमध्ये तो सापडतो. असा टेक तुझ्याकडे नसेल तर फुटेज पुन्हा धुंडाळ. गायक गात नसतानाचे तुकडे फुटेजची नोंद करताना सगळे जण वगळतात. सगळ्यात कामाचे चेहरे तिथेच असतात.

त्यासाठी एक गोष्ट सक्तीने कर. कापायला बसण्याआधी सगळं फुटेज एकदा आवाज बंद करून, सलग, काही न कापता बघ, आणि फक्त खऱ्या वाटलेल्या क्षणांना मार्कर लाव. बेसिस्टने ड्रमरकडे टाकलेली नजर, चुकल्यावर गिटारिस्टला फुटलेलं हसू, टेक संपल्यावर खाली आलेले खांदे. दोन रात्रींच्या फुटेजमध्ये असे पंचवीस-तीस क्षण मिळाले तरी व्हिडिओ उभा राहतो. बाकीचे शॉट त्यांना जोडणारे असतात.

वाद्यांबाबत प्रामाणिक राहा. प्लेबॅकवर शूट करताना वादक पाठ केलेलंच वाजवतील असं नाही. गाण्यात क्रॅश ही मोठी झांज वाजतेय आणि चित्रात ड्रमर हाय-हॅट या जोडझांजेवर आहे, सोलोमध्ये वरचे सूर येतायत आणि डावा हात गिटारच्या दुसऱ्या टोकाला आहे, हे वाजवणाऱ्या प्रत्येकाला खटकतं. बँडचे चाहते बहुतेक वाजवणारेच असतात. सोलोसाठी गिटारिस्टला शेजारी बसव, सगळे टेक दाखव, कुठल्या टेकमध्ये त्याने रेकॉर्डिंगमधलाच सोलो वाजवलाय ते तो दोन मिनिटांत सांगेल. बाकी टेकमधले हाताचे क्लोजअप टाळ आणि चेहरा वापर.

इथूनच ‘माझे शॉट वाढव’चं उत्तरही निघतं. गाणं एकदा कागदावर लिहून काढ: बार, ओळ, आणि त्या जागी कानाला पुढे कोण ऐकू येतं. पहिल्या अंतऱ्यात आवाज आणि एकच गिटार असेल तर तिथे बेसिस्ट दाखवायचं कारण नाही. दुसऱ्या अंतऱ्यात बेसची चाल बदलत असेल तर ती जागा त्याचीच, आणि तिथे त्याला पुसटसा अर्ध्या सेकंदाचा शॉट न देता पूर्ण बार दे. बँडसमोर हा कागद ठेवलास की चर्चा शॉट मोजण्यावरून गाण्याच्या रचनेवर येते. ती त्यांनीच केलेली असल्याने वाद मिटतो. रफ कट सगळ्यांना एकत्र बसवून, चांगल्या स्पीकरवर दाखव. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नकोस. पाच जण पाच फोनवर, पाच वेळा थांबवून स्वतःला शोधतात. दुरुस्त्या एकाच माणसाने, वेळेसह लिहून द्यायच्या, दोनच फेऱ्या, हे आधीच ठरव.

सरांच्या ‘संकल्पना’बद्दल. तुझ्याकडे कथाभाग आहे, गायक शहरात फिरतोय. मोह होईल तो असा की शब्दात रस्ता आला की रस्ता, दिवा आला की दिवा. ते कटाक्षाने टाळ. जे ऐकू येतं तेच दाखवलं की दोन्हींपैकी एक फुकट जातं. माझा सल्ला आहे, ‘पहिल्यांदा’ची यादी कर. गायकाचा पूर्ण चेहरा पहिल्यांदा कधी दिसतो? सगळा बँड एका फ्रेममध्ये पहिल्यांदा कधी? दिवसाचा उजेड पहिल्यांदा कधी? विद्यार्थ्यांच्या व्हिडिओत पहिल्या चाळीस सेकंदांत सगळं दाखवून झालेलं असतं, उरलेली जवळजवळ चार मिनिटं त्याचीच पुनरावृत्ती चालते. तू या गोष्टी गाण्याभर पसर. पहिल्या अंतऱ्यात फक्त चालणारा माणूस, पाठमोरा. कोरसला चेहरा. दुसऱ्या अंतऱ्यात तालमीच्या खोलीचे तुकडे, हात, वायरी, पेडलवरचा पाय. दुसऱ्या कोरसला पूर्ण बँड. ब्रिजला गॅदरिंगचं फुटेज, आणि तिथे दोन बारपुरता स्टुडिओचा आवाज किंचित दाबून गर्दीचा खरा आवाज येऊ दे, अर्थात बँडला विचारून. एकट्या माणसापासून गर्दीपर्यंतचा हा प्रवास गाण्याची रचनाच सांगते आहे: एक गिटार, मग बेस, मग सगळे. सरांना हाच कागद दाखव. वेगळी संकल्पना बाहेरून चिकटवायची गरज पडणार नाही.

कथाभागात ओठ जुळवायचे नसतील तिथे फोनच्या स्थिर केलेल्या ३० फ्रेमच्या क्लिप २५ च्या वेगाने वाचायला लाव. त्या ८३ टक्के वेगाने चालतात, चालण्याला थोडं जडत्व येतं आणि अडखळतही नाहीत. जिथे ओठ जुळायलाच हवेत तिथे फोन कमी वापर, कारण तीसातल्या पाच फ्रेम गळाल्यावर आडवी हालचाल धक्के खाते. कोरसचा एखादा शॉट स्लो मोशनमध्ये हवा असेल आणि एक संध्याकाळ पुन्हा शूट करता येत असेल, तर गाणं दुप्पट वेगाने वाजवून गायकाला तसं गायला लाव आणि ५० फ्रेमवर शूट कर. २५ वर आणलं की हालचाल निम्म्या वेगाने आणि ओठ मात्र गाण्याबरोबर. दोन-तीन ओळींपुरतं हे सुंदर दिसतं. पूर्ण गाण्याला करू नकोस.

पुन्हा शूट करशील तर शटर १/५० किंवा १/१०० ठेव. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात, आणि ३० फ्रेमवरचा फोन १/६० घेतो तेव्हा ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकतात. तुझ्या काही फोन क्लिपमध्ये ते असणारच. सॉफ्टवेअरने पुसण्यात वेळ घालवू नकोस, ते शॉट सोडून दे.

पांढऱ्या फ्लॅशचे इफेक्ट आणि काळ्या-पांढऱ्या चौकटींची उघडझाप कोरसमध्ये टाकायचा मोह होतो. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट काही लोकांना, विशेषतः अपस्माराचा त्रास असलेल्यांना, खरोखर घातक ठरू शकतो. तेवढं टाळच.

रंगांसाठी एक दिवस पुरे. आधी कॅमेरा आणि फोन यांतले त्वचेचे रंग एकमेकांशी जुळव, ‘लुक’ त्यानंतर. रात्रीच्या शॉटमध्ये काळं फार दाबू नकोस, यूट्यूबच्या कॉम्प्रेशनमध्ये गडद भागांचे ठोकळे होतात.

टायटलवर मात्र दहा मिनिटं जास्त दे. गाण्याचं नाव देवनागरीत असेल तर जोडाक्षरं आणि रफार नीट येतायत का ते मोठं करून तपास. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्टचं इंजिन दक्षिण आशियाई लिपींसाठीचं निवडावं लागतं, नाहीतर वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बलू हे फॉण्ट फुकट आहेत, युनिकोडमध्ये आहेत आणि छोट्या स्क्रीनवर स्वच्छ वाचता येतात. श्रेयनामावलीत प्रत्येक नावाचं शुद्धलेखन त्या त्या व्यक्तीकडून लिहून घे.

फायनल करण्याआधी दोनदा तपास. एकदा आवाज पूर्ण बंद करून: चित्रात लय जाणवते का, कुठे निव्वळ भरणा झालाय? आणि एकदा फोनवर, हातभर अंतरावरून, कारण बहुतेक लोक तिथेच बघणार आहेत. लांबचे सुंदर वाइड शॉट फोनवर मुंग्यांएवढे होतात. त्यांतले दोन-तीन कमी करून चेहरे घ्यावेसे वाटतील, घे.

गाण्याच्या आवाजाला हात लावू नकोस. लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) नको, पातळी वाढवणं नको. यूट्यूब स्वतः फार मोठा आवाज खाली आणतं, त्यामुळे वाढवून काही मिळत नाही आणि मास्टरिंग करणाऱ्याचं काम मात्र बिघडतं. मास्टर प्रत प्रोरेस ४२२ एचक्यू या मोठ्या, उच्च दर्जाच्या फॉरमॅटमध्ये काढ. कॉलेजसाठी आणि अपलोडसाठी एच-२६४ हा छोट्या फाइलचा फॉरमॅट, १०८०पी असेल तर किमान ८ मेगाबिट प्रति सेकंद, ४के असेल तर ३५ ते ४५, आवाज एएसी ३८४ किलोबिट.

आणि कागदपत्रं. विद्यार्थी प्रकल्प आहे म्हणून कोणी विचारणार नाही असं समजू नकोस. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या कृती आहेत आणि तिन्हींचे हक्क वेगवेगळ्या माणसांकडे असू शकतात. गीत बँडबाहेरच्या मित्राने लिहिलंय का, रेकॉर्डिंगचा खर्च कोणी केला, कोणाशी करार झालाय का, हे विचार आणि तिघांच्या सहीचं एक साधं पत्र घे. गाणं कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं पुन्हा गायलेलं, असेल तर जास्त काळजी घे: कायद्यातली कव्हरची तरतूद ध्वनिमुद्रणापुरती आहे, चित्रासोबत ते गाणं वापरायला मूळ हक्कधारकांची परवानगी वेगळी लागते. गॅदरिंगच्या फुटेजमध्ये ओळखू येतील अशा जवळच्या चेहऱ्यांनाही विचारून घे. बँडने गाणं आधीच एखाद्या डिजिटल वितरकामार्फत सोडलं असेल तर तुझ्या चॅनलवर टाकताच कंटेंट आयडीचा (यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेचा) क्लेम येऊ शकतो. म्हणून व्हिडिओ बँडच्याच चॅनलवर जाऊ दे, वितरकाकडून ते चॅनल क्लेममधून वगळून घ्यायला बँडला सांग, आणि वर्णनात एडिटर म्हणून तुझं नाव घालायचं त्या पत्रातच लिहून घे. मास्टरसोबत टायटल नसलेली एक प्रत आणि प्रोजेक्टचं अर्काइव्ह काढून ठेव. सहा महिन्यांनी बँड नवं नाव घेऊन किंवा तीस सेकंदांचा उभा तुकडा मागायला येतो, तेव्हा त्या दोन फाइल लागतात.